एकशे अठ्ठावीसचा काटा

डाव्या पायात चप्पल नाही, हे मला
मागून येणाऱ्या पोराने सांगितलं.
गंगेवरच्या बाजारातून गाडगे महाराज पुलापर्यंत
मी एका चपलेवर आलो होतो
आणि पाय काही बोलला नव्हता.

शालन म्हणाली, साखर.
मेहुणा म्हणाला, मणका.
शेजारच्या दुकानातले बागूल म्हणाले, नारळ उतरवून टाका.
साखर तपासली, उपाशीपोटी, जेवल्यावर, तीन महिन्यांची.
साखर होती तिथेच होती, डब्यात.
मग थायरॉइड. मग बी-बारा,
ते जरा कमी निघालं तेव्हा घरात सण झाला, सापडलं म्हणून.
दहा इंजेक्शनं घेतली. कुल्ला दुखला, ते नीट कळलं.
पाय मुकेच.

एका सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले
तर न्हाणीघर कलंडलं.
म्हणजे जमीन कुठे आहे हे मला
इतके दिवस डोळेच सांगत होते.

गंगापूर रोडच्या खैरनार डॉक्टर, माझ्या थोरलीच्या वयाच्या.
त्यांनी एक काटा तळहातावर आपटला
आणि त्याचा दांडा माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला.
एकशे अठ्ठावीसचा आहे, म्हणाल्या, थरथर थांबली की सांगा.
मी विचारलं, सुरू झाली का?

टिचकीवरून सांगतो मी
हंड्याचा काठ कुठे पातळ झालाय.
काटा कानाला साफ ऐकू येत होता
आणि अंगठ्यावर नुसता थंड चमचा.
घोट्यावर नाही. नडगीवर नाही.
गुडघ्यावर, लांब, दुसऱ्या आळीत कोणी ठोकत बसल्यासारखं.

त्यांनी जेवण विचारलं, भाकरीपासून ताकापर्यंत.
दारू? पोटाचं ऑपरेशन? कल्हईला काय वापरता?
आणि गोळ्या? न सांगता घेता त्याही.
शालनने पिशवी टेबलावर उपडी केली.
त्यात ती पिवळी बाटली, जस्ताची,
साथीच्या वर्षी तन्मयने आणलेली. ताकद येते, बाबा.
साथ गेली. मी नव्या बाटल्या आणत राहिलो,
सकाळी एक, रात्री एक, पाच वर्षं.
ते औषध आहे असं वाटलंच नाही,
म्हणून कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टर बाटलीकडे बराच वेळ बघत होत्या.
मग एक तपासणी लिहिली, मुंबईला जाणारी.
नऊ दिवस लागले.

रक्तात तांबं नाही.
म्हणजे आहे, पातेल्याच्या बुडाला खरवडून निघेल तेवढं.

मी हसलो. त्या नाही हसल्या.
तांबट आळीत जन्म, नखांत तांबं,
रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी पिऊन उठणारा मी.
जस्त फार झालं की आतडं तांब्याला आत घेत नाही, त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, बाई, आमच्याकडे दोन्ही एकत्र वितळली
की पितळ होतं. चांगलं वाजतं.
माझ्यात का नाही झालं?
त्यांनी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

आता मी तांब्याची गोळी घेतो.
आमच्या तराजूला जिचं वजनही कळणार नाही.
चपलेला मागून पट्टा लावलाय.
परत येईल का, शालन प्रत्येक वेळी विचारते,
आणि प्रत्येक वेळी तेच ऐकते:
वाढणं थांबेल. बाकीचं हळूहळू. थोडं. कदाचित.
दुकानात बसतो. हातोडी
हातापेक्षा कानाने चालवतो, ठोका चुकला की भांडं सांगतं.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा काटा.
डोळे मिटा, म्हणाल्या. घोट्यावर लागला.
हो, मी म्हटलं, आहे, बारीक आहे, पण आहे.
त्या हळूच म्हणाल्या,
या वेळी मी तो वाजवला नव्हता.

मी डोळे उघडले नाहीत.
म्हटलं, आता वाजवून लावा.